ग्रीकिणीची पाठवणी

सुनंदाच्या सासूनं जाताना दोन गोष्टींची वाटणी केली. अंगावरचे दागिने धाकट्या सुनेला, रोहिणीला. नवमीचा नैवेद्य थोरलीला, म्हणजे सुनंदाला. दुसरीला जास्त मिळालं असं दोघींनाही वाटलं, आणि तेवढ्या एका वाटण्यावर दोघींचे संसार एकाच पडवीच्या दोन टोकांना बरे चालले होते.

पनवेलच्या पुढं, लोधिवलीहून आत गेलं की त्यांचं गाव लागतं. गावदेवीचे घट बसतात आणि नवमीला ते उठायच्या आधी देवीला पुरणाचा नैवेद्य जातो. तो एका हातचाच. रांधणारीनं तोंडाला पदर बांधायचा, चूल पेटल्यापासून पान वाढेपर्यंत शब्द बोलायचा नाही आणि काहीही चाखायचं नाही. तिखटमीठ सगळं अंदाजानं, देवीच्या भरवशावर. सुनंदाचा अंदाज कधी चुकला नव्हता. बाकी वर्षभर ती शनिवार-रविवारी एका फार्महाऊसवर मुंबईकरांना पिठलं-भाकरी करून घालायची. ते 'वा मावशी' म्हणायचे आणि अर्धं पानात टाकायचे. देवी काही म्हणायची नाही, आणि टाकायचीही नाही. सुनंदाला देवी बरी वाटायची.

नवरा कोंडाजी. कारखाना बंद पडल्यापासून तो घरी होता आणि बोलत होता.

तर शिमग्याच्या आसपास जुन्या हायवेवरच्या एका मोठ्या शेडमध्ये शूटिंग लागलं. शूटिंगला माणसं पुरवायचं काम सहदेव टेंपोवाल्याचं. कधी मावळे लागत, कधी मोर्चेकरी, कधी नुसतीच बाजारातली गर्दी. या वेळी त्याला ग्रीक प्रजा पाहिजे होती.

"ग्रीक म्हंजे कसं दिसायचं रं?" सुनंदानं विचारलं.

"दमलेलं," सहदेव म्हणाला. "बाकी चादर ते देतात."

म्हणून सुनंदा दमलेली होऊन गेली. त्यासाठी तिला वेगळं काही करावं लागलं नाही.

तिथं मुहूर्ताआधीच्या तालमी चालल्या होत्या आणि एक मुंबईची नटी होती. तिला देवी व्हायचं होतं, पण तोंडावर रबराचा मुखवटा चढवला की तिला खाज सुटायची. दोनदा मुखवटा फाडून झाल्यावर ती व्हॅनमध्ये जाऊन रडत बसली. दिग्दर्शक कपाळाला हात लावून फिरत होता, तेव्हा त्याला भिंतीशी टेकून बसलेली सुनंदा दिसली. टेंपोची वाट बघत होती. डोळे उघडे, पापणी हलत नाही, नजर कुठंच नाही. सरकारी दवाखान्यात, बँकेत, तलाठ्याच्या दारात बसून बसून अंगवळणी पडलेली बैठक ती. दिग्दर्शकाला तिच्यात विश्वाच्या आरंभाची शांतता दिसली.

गोष्ट लिहिणारा हरेश नावाचा तरुण होता. त्यानं तिला नीट समजावलं. ग्रीकांचे देव म्हणजे खरं तर फार पुढे गेलेली माणसं, आकाशात लोंबकळणाऱ्या एका लोखंडी शहरात राहणारी. त्यांचा राजा झ्यूस, सगळी वीज त्याच्या हातात. त्याचा बाप क्रोनस म्हणजे एक भलंमोठं यान, ते आपलीच पिल्लं गिळतं. आणि या सगळ्यांच्या आधी, काळाच्याही आधी, एक देवी होती. सिओपी. ती बोलत नाही, हलत नाही. सगळं तिच्यातून निघालं.

घरी येऊन सुनंदानं हे कोंडाजीला सांगितलं.

"वीज हातात म्हंजे वायरमन म्हण की," कोंडाजी म्हणाला. "आणि तुझी ती?"

"ती सगळ्यांच्या आधीची. तिच्या आधी काय नाय."

"मंग तिला जन्म कुणी दिला?"

"हरेश सरांनी."

मुहूर्ताच्या दिवशी निर्मात्यानं मोठी पूजा घातली. माणूस देवभोळा होता. पैसा ग्रीकांवर लावला तरी भरवसा नारळावर होता. मुंबईहून भटजी आणले. गावदेवीचा मान म्हणून गावच्या गुरवाला, आबाजींनाही बोलावलं. आधी कॅमेऱ्याला हळदकुंकू लागलं. मग तांब्याच्या तारांचं लुगडं नेसून, तळहातात दिवे लावून सिंहासनावर बसलेल्या सुनंदाला लागलं. निर्मात्याच्या बायकोनं तिची खणानारळानं ओटी भरली. भटजींनी दूर्वांनी तिच्या कपाळाला, छातीला, गुडघ्यांना स्पर्श करत मंत्र म्हटले. आरती झाली. निर्माता तिच्या पायाशी पालथा झाला आणि म्हणाला, "आई, सांभाळ."

सुनंदा हलली नाही. तिला हलायचं नाही असंच सांगितलं होतं.

पुढचे काही दिवस ती तशीच बसली. पाठीला बॅटरीची ऊब, तोंडावर रबर, भोवती माणसांची पळापळ. पण तिच्याजवळ येणारा प्रत्येक जण हळू बोलायचा आणि चपला काढून यायचा, खालच्या चकचकीत लादीवर डाग पडू नयेत म्हणून का होईना. कुणी तिला चहा टाक म्हणालं नाही. कुणी काही मागितलंच नाही. जन्मात पहिल्यांदा ती नुसती होती. हे तिनं कोंडाजीला सांगितलं नाही. सांगता आलंही नसतं.

मग एका सकाळी टेंपो आला नाही. निर्मात्याचं आणि त्याच्या भागीदाराचं बिनसलं होतं. शेड रिकामी झाली, थर्माकोलचं सिंहासन ट्रकवर आडवं पडून पनवेलकडे गेलं, आणि मांडवात गणपती ठेवून मंडळानं पळून जावं तसा तो सगळा कारभार मिटला. सुनंदा पुन्हा पिठलं हाटायला लागली.

हे सगळं विसरूनही गेले असते लोक. पण पितृपक्षात नवरात्राची तयारी ठरवायला देवळात बसले होते, तेव्हा रोहिणी वातींचा कापूस पिंजता पिंजता, मान वर न करता म्हणाली, "आबाजी, एक इचारू? त्या शूटिंगला ताईंची पूजा झालेली. ती उतरवली का कुणी?"

आबाजींचा तपकिरीचा हात नाकाशीच थांबला. ते मुहूर्ताला होते. त्यांनी दूर्वा बघितल्या होत्या, मंत्र ऐकले होते, वर दोन पेढेही खाल्ले होते.

"नाय," ते म्हणाले. "उत्तरपूजा नाय झाली."

"मंग ती बसलेलीच हाय की."

"अवो, ती सिनेमातली," सहदेव म्हणाला. "खोटी देवी ती."

"मंत्राच्या आधी मातीचा गणपती तरी खरा असतो काय रं?" आबाजींनी विचारलं.

  रोहिणीनं कापसाचा नवा पुंजका हाती घेतला.

"मी आपलं नैवेद्यासाठी म्हणते," रोहिणी म्हणाली. "ताईंच्या हातनं पान वाढलं, तर आधी जेवणार कोण? आपली देवी, का ती ग्रीकीण? ती तर सगळ्यांच्या आधीची म्हणतात. मान तिचा होतो."

गोम तिथंच होती. रोहिणी दुष्ट नव्हती. दागिने तिनं मुलीच्या लग्नात मोडले होते, आणि आता तिच्याकडं सासूचं काहीच उरलं नव्हतं. आबाजींनी मान हलवली आणि ठरवून टाकलं. अमावास्येपर्यंत ग्रीकिणीला रीतसर निरोप झाला तर नवमी सुनंदाची. नाही झाला, तर या वर्षीपासून रोहिणीची.

'माझ्यात कुणी नाय' असं सुनंदा तिथंच म्हणू शकली असती. तिनं तोंड उघडलंही. पण देवीसमोर बसून खोटं कसं बोलायचं, आणि खरं काय ते तर तिला ठाऊक नव्हतं.

घरी कोंडाजी म्हणाला, "रोहिणीचं काय चुकलं गं? शिमग्यापासनं तू बोलत नाय. मी एकटाच बोलतो."

"तुमी आधीपासनं एकटेच बोलता."

"पण आधी तू ऐकत नव्हतीस. आता ऐकतेस. त्याची भीती वाटते."

सुनंदा देवळात जाऊन आली. देवीपुढं हात जोडून तिनं मनात विचारलं, बाये, माझ्यात दुसरं कुणी असंल तर तुला राग हाय का? देवी काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे. पण या खेपेला सुनंदाच्या मनात आलं, न बोलणाऱ्या दोघी झाल्या आता, आणि या विचारानं तिनं पटकन कानाला हात लावला.

सकाळी ती हरेशला शोधायला निघाली. नेरळला राहतो, गॅलरीतून माथेरान दिसतं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. नेरळच्या नव्या इमारतींमधल्या निम्म्या गॅलऱ्यांतून माथेरान दिसतं. तिसऱ्या वॉचमननं ओळखलं. "ते घरीच असतात ते साहेब? दुसऱ्या मजल्यावर."

हरेश घरीच होता. शूटिंग बुडाल्यापासून तो एका मालिकेत सासूचे संवाद लिहीत होता. त्यानं मावशी मावशी करत पाणी दिलं, आणि ऐकून घेता घेता आधी हसला, मग हसू आवरलं.

"मावशी, पण ती मी बनवलेली आहे. ग्रीकांच्यातही नाही. झ्यूसच्या आधी कुणीतरी पाहिजे होतं म्हणून घातली."

"कधी बनवली?"

"इथंच. लाईट गेले होते तेव्हा."

"आणि बोलत का नाय ती?"

हरेशनं चष्मा काढून पुसला. "संवाद लिहायला वेळ नव्हता."

सुनंदानं यावर विचार केला. एवढी मोठी देवी, आणि तिचं मौन एका माणसाच्या उशिरापायी. पण मग तिला वाटलं, आपल्याही किती गोष्टी अशाच झाल्या. लग्नात नाव बदलायचं राहून गेलं, कारण तांदळात नाव लिहायच्या वेळी कोंडाजीची अंगठी सापडेना. म्हणून काय ती सुनंदा नव्हती?

"तिला नैवेद्य काय लागतो?"

"ग्रीक लोक मध वाहायचे, दारू वाहायचे, मेंढरं..."

"ग्रीकांचं नाय. तिचं."

हरेशला ते सांगता येईना. सुनंदानं त्याच्याकडं बघितलं. पोरीला काय आवडतं हे न ठाऊक असलेल्या बापाकडं बायका बघतात तसं.

"सर, तुमी तिचे जन्मदाते. पाठवणीला तुमी लागताल. पाटावर बाप पाहिजे."

"मावशी, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही."

"तिचंही नाय," सुनंदा म्हणाली.

सर्वपित्री अमावास्येला हरेश मोटारसायकलवरून आला. धुतलेला कुडता घालून आला होता, आणि घाबरलेला होता, ते गावाला आवडलं. देवळाच्या पायऱ्यांशी, देवीच्या नजरेआड, दोन पाट मांडले होते. एकावर सुनंदा, समोर हरेश. मध्ये नारळ. ग्रीकिणीला सुनंदातून नारळात उतरवायचं, आणि नारळ ज्याची लेक त्यानं घेऊन जायचा, अशी आबाजींनी रीत बसवली होती. असली रीत आधी कधी लागली नव्हती, म्हणून ती त्यांनी बसवली तशीच बरोबर होती.

नैवेद्य सुनंदानंच केला होता. हरेशनं मधाची बाटली आणली होती, ती तिनं बाजूला ठेवली. तांदळाची पेज, नुसती.

"मीठ?" रोहिणीनं वाटीत डोकावून विचारलं.

"तिच्या वेळेला मीठ झालं नव्हतं," सुनंदा म्हणाली. "समुद्रच नव्हता."

रोहिणीला हे पटलं. तिनं वाटीवर पळसाचं पान झाकलं, आणि तेवढ्यापुरत्या दोघी जावा जावा झाल्या.

आबाजींनी हरेशला संकल्प सांगितला. गोत्र विचारल्यावर हरेश घुटमळला, तेव्हा आबाजींनी सगळ्यांना चालणारं काश्यप लावून टाकलं. देवीचं नाव तीन वेळा विचारून घेतलं. सुनंदाच्या कपाळाला अक्षता लावून त्या नारळावर टाकल्या. पेज दाखवली. आबाजींचा आवाज लागला. गावातल्या घरोघरच्या गणपतींना त्यांनी असाच निरोप दिला होता. जीभ आपल्या वाटेनं चालली होती. डोळे मिटून, हात उंच करून त्यांनी शेवटचे शब्द म्हटले, "पुनरागमनाय च."

बायकांनी हात जोडले. मग एकेकीचे हात तसेच अर्धे राहिले.

रोहिणी म्हणाली, "आबाजी. परत बोलावलंत की तिला."

आबाजींनी डोळे उघडले. ओठांतल्या ओठांत सगळा मंत्र मागून पुढं म्हणून बघितला. "मंत्र तसाच हाय," ते म्हणाले. "त्यात नको म्हणायची सोय नाय."

"मंग दुसरा म्हणा."

"दुसरा नाय. देवाला ये म्हणूनच धाडतात. येऊ नको म्हणायचा मंत्र कुणी केलाच नाय."

सगळं गाव हरेशकडं वळलं, जणू त्यानंच तो लिहायचा बाकी ठेवला होता. सहदेवनं विचारलं, "सर, शूटिंग परत लागणार हाय काय?"

"निर्माता म्हणतो आहे," हरेश पुटपुटला. "दिवाळीनंतर. पण तो नेहमीच म्हणतो."

"घ्या," कोंडाजी म्हणाला.

पाटावर बसलेली सुनंदा या सगळ्यात गप्प होती. ती गप्प बसली की आता लोक तिच्याकडं जास्तच बघत. नवमी हातची जाते आहे हे तिला दिसत होतं. आणि एवढं करून त्या बिचारीला, जिनं आल्यापासून कुणाला काही मागितलं नाही तिला, गावानं दारातून हाकलावं, हेही तिला रुचेना. ती उठली. नारळ उचलून हरेशच्या हातात दिला.

"येऊ दे की," ती म्हणाली. "गणपती येतो. गवरी येतात. आज सकाळी पितरांना जेवू घातलं, ते काय परत यायचे नाय? आपल्याकडं आलेला पाव्हणा जातो तो परत यायलाच. सारखा बसून राहिला तर तरास." ती आबाजींकडं वळली. "आता ती गेली की नाय?"

"गेली," आबाजी म्हणाले. ते त्यांना कबूल करावंच लागलं, मंत्र त्यांचा होता.

"कुठं?"

"माहेरी."

"माहेर नेरळला. मंग नवमीला ती हितं कशाला असंल? दिवाळीनंतर आली तर बघू. दिवाळीनंतर नवमी नसते."

आबाजींनी बोटांवर तिथी मोजल्या. मग म्हणाले, "बरोबर हाय," आणि रोहिणीकडं न बघता पळी-पंचपात्र आवरायला लागले.

हरेशनं नारळ पिशवीत घालून हँडलला अडकवला. "मावशी, याचं करायचं काय?"

"फोडायचा नाय. उंचावर ठेवायचा. आणि तिच्यासमोर फार बोलायचं नाय."

तो गेला. पुढं त्याचा एकदाच फोन आला. नारळ टीव्हीच्या वर ठेवला आहे, आणि सासूचे संवाद लिहायला बसलं की सासू गप्पच बसते, असं म्हणत होता. मालिकावाल्यांनी ते नवीन म्हणून पसंत केलं होतं.

नवमीला सुनंदानं पहाटे न्हाऊन देवळामागची चूल पेटवली आणि तोंडाला पदर बांधला. मदतीला रोहिणी आली. ती आपणहून आली, तिनंही पदर बांधला, आणि चाळीसेक माणसांचा स्वयंपाक एका शब्दाविना झाला. लाकूड-पाणी रोहिणीचं, चुलीवरचा हात सुनंदाचा. पुरण वाटलं गेलं, पोळ्या तव्यावर पडल्या, कटाची आमटी उकळायला लागली, भात झाला, बटाट्याची भाजी झाली. कढ येऊ लागले तेव्हा सुनंदा चुलीसमोर पाटावर टेकली आणि जाळाकडं बघत बसली. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. लाकडाचा धूर होता आणि भाताचा वास होता. किती वेळ बसली ते तिचं तिला कळलं नाही.

मग पान वाढलं. नैवेद्याच्या पानात मीठ वाढायचं नसतंच. आबाजींनी पाणी फिरवलं, पडदा ओढला, घंटा झाली, घट उठले. पंगत बसली.

पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला असावा. पंगत एकाएकी शांत झाली.

आमटीत मीठ नव्हतं. भाजीत नव्हतं. भातातही नव्हतं.

देवीचा प्रसाद. त्याला नावं कोण ठेवणार? आबाजींनी आमटीची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि मोठ्या निष्ठेनं पुन्हा लावली. सहदेव पोळीवर पोळी खात राहिला. कोंडाजीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यात भात घातला. लग्नापासून पहिल्यांदा तो जेवताना काही बोलला नाही. पंगतीत नुसते भुरके ऐकू येत होते. देवळावरच्या पताकांची फडफडही ऐकू येत होती.

बायकांची पंगत मागाहून बसली. सुनंदानं आमटीचं बोट चाटलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आजवर जे कधी झालं नव्हतं ते आज, याच वर्षी. रोहिणी शेजारी बसली होती. तिनं पाठीमागून मिठाची वाटी काढली, चिमूट स्वतःच्या पानात घातली आणि वाटी सुनंदाकडं सरकवली. वाटी जवळ आणूनच ठेवलेली होती.

"तुला ठाव होतं," सुनंदा हळू म्हणाली.

"दिसलं होतं मला. बोलायचं नसतं ना."

"मंग खूण करायचीस."

"केली की. दोनदा केली. मिठाचा डबा तुमच्या डोळ्यांसमोर धरला, ताई. तुमचे डोळे उघडेच होते." रोहिणीनं आमटी ढवळली. "पण तुमी बघत नव्हता."

"मंग तूच टाकायचंस."

"हात तुमचा होता," रोहिणी म्हणाली. "नवमी एका हातची."

 सुनंदानं गाभाऱ्याकडं बघितलं. देवीच्या पुढ्यातलं पान तसंच होतं, आणि देवीच्या चेहऱ्यावर तक्रार दिसत नव्हती. नेरळकडं मात्र तिनं बघितलं नाही.

रोहिणीनं एक घास खाल्ला. आणखी एक खाल्ला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आबाजींना सांगून ठेवते मी. पुढल्या वर्षापासनं मीठ माझं. बाकी सगळं तुमचंच."

"सासूबाईंनी अशी वाटणी नव्हती केली."

"त्यांचीच चुकली होती," रोहिणी म्हणाली, आणि सुनंदाच्या पानात चिमूटभर मीठ वाढून मोकळी झाली.